ओवाळणीत मागितलेली काठी

वुडलँड्स, सिंगापूर
१६ सप्टेंबर २०२४

ती. वन्सं यांना,
सविताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलले असते, पण तुमचं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, तुम्ही सगळ्याला हो हो म्हणता आणि दोन दिवसांनी नीताला विचारता की सविता काय म्हणत होती. त्यापेक्षा कागद बरा. फोटो काढून नीताच्या फोनवर पाठवते. सूनबाईला सांगा मोठा करून दाखव.

तर तुमच्या भावाने घरात एक काठी आणलीय. माझ्या कमरेएवढी उंच. वर दांडा, खाली पसरट. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीतला रस ढवळतात, मला वाटलं तसलंच काहीतरी. मी विचारलं, आता गूळ करताय का. तर म्हणाले, खेळायचीय.

जुरोंग ईस्टला यांच्या हापिसात डेक्लन नावाचा आयरिश साहेब आलाय. त्यांच्या देशात हर्लिंग म्हणून खेळ आहे. इथले आयरिश लोक रविवारी मैदानावर जमून खेळतात, पण माणसं कमी पडतात. साहेबाने हापिसात विचारलं, कोण येतं. सगळे शहाणे कॉम्प्युटरात तोंड घालून बसले. यांनी हात वर केला. बावन्नाव्या वर्षी, वन्सं. ज्या माणसाला स्टुलावर चढून पंखा पुसा म्हटलं की चक्कर येते, त्याने.

पहिल्या रविवारी आले ते अंगठ्याचं वांगं करून. चेंडू लागला म्हणे. तो चेंडू पण बघितला मी. कातड्याचा, क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण शिवण बाहेर उभी, करंजीला मुरड घालतो तशी. दगडाची करंजी समजा.

यांना काही लाज नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, काठी घेऊन उभे होते, तर एका चिनी आजीबाईला वाटलं पायाने अधू आहेत. तिने उठून जागा दिली. आणि हे बसले. सांगायचं नाही का तिला. मैत्रेयी म्हणाली की बाबा एकदम कूल आहेत, ला. तिच्या प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'ला' असतं, त्याला अर्थ नाही.

हे म्हणाले होते, ताईला कळवू नकोस. मी बरं म्हटलं आणि लगेच कागद घेऊन बसले. माझ्या पोटात गोष्ट राहत नाही. लग्नाला चोवीस वर्षं होऊन यांना ते कळत नसेल तर त्यात माझी चूक नाही. तुम्हीच काय ते चार शब्द सुनावा. माझ्या शब्दांची यांना सवय झालीय.

मैत्रेयीचा नमस्कार. लोभ आहेच, यांच्यावरचा थोडा काढून माझ्यावर टाका.

तुमची,
सविता

—

मिरज
१९ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सविता हिस
संजीवनीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र नीताने मोठे करून दाखविले. अक्षर अजून मुंग्यांच्या रांगेसारखेच आहे. मुंग्या चावतात, हे मात्र या खेपेस कळले.

पदूला लहानपणी दमा होता हे तुला ठाऊक आहे, पण तू तो पाहिलेला नाहीस. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा आणि मी सतरा. वाफारे देणे, पाठ शेकणे, उशाशी बसून राहणे हा माझा उद्योग. डॉक्टरांनी धावू देऊ नका म्हटले, मी नाही दिले. गल्लीतली मुले हाका मारायला आली की मी दारात उभी राहत असे. माझ्या बालवाडीतली मुलेसुद्धा मला इतकी भ्यायली नाहीत जितका तो भीत असे. तो आज अकाउंटंट आहे आणि धडधाकट आहे, ते त्यामुळे.

मला चार शब्द सुनावायला सांगतेस, पण कशाबद्दल ते नीट कळल्याशिवाय मी सुनावत नाही. तू स्वतः मैदानावर जा. डोक्यावर काय घालतात, छातीवर काय बांधतात, एकमेकांच्या अंगावर जाण्याची मुभा आहे का, सारे पाहून लिही. त्याला विचारू नकोस. मला बरे वाटेल तेवढेच तो सांगेल.

अंगठ्याला हळद-तेल लाव. चि. मैत्रेयीला आशीर्वाद. तिचे 'ला' मला चालते, तिने पत्र लिहिले तर.

तुझी,
संजीवनी

—

वुडलँड्स
३० सप्टेंबर २०२४

ती. वन्सं यांना,
सविताचा सा. न. वि. वि.

छातीवर काही बांधत नाहीत. पहिलं तेच सांगून टाकते म्हणजे बाकीचं तुम्ही शांतपणे वाचाल. डोक्यावर जाळी लावलेलं हेल्मेट. बाकी अर्धी चड्डी.

काल गेले होते. कपाळाला आठी घालूनच गेले, डब्यात थालीपीठ आणि हातात छत्री. आता खेळ सांगते. मैदानाच्या दोन टोकांना दोन-दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी, खाली जाळं. दांडीखालून चेंडू जाळ्यात घातला की तीन गुण, दांडीवरून गेला की एक. खाली तीन आणि वर एक असं का, म्हणून मी शेजारच्या बाईला विचारलं. ती म्हणाली खाली एक माणूस उभा असतो. तो माणूस तुमचा भाऊ आहे हे मला तेव्हा दिसलं नव्हतं.

चेंडू जमिनीवरून हाताने उचलायचा नाही. पायाशी पडलेला असला तरी नाही. काठीने चेपून, उडवून हातात घ्यायचा. हातात घेऊन चार पावलं चालतात, पुढचं टाकलं की शिट्टी. मग काय करतात, तर काठीच्या पसरट भागावर चेंडू ठेवून पळतात. आपलं लिंबू-चमचा. फक्त लिंबू-चमच्यात शेजारचा येऊन खांद्याने उडवत नाही. इथे उडवतो, आणि ते कायदेशीर आहे. बाजूने खांद्याला खांदा चालतो. पाठीत नाही, समोरून नाही. काठी माणसावर मारायची नाही, चेंडूवर मारायची. आता चेंडू माझ्या कोपरापाशी असेल तर काठी कशावर बसेल ते तुम्हीच समजा. आणि दुसऱ्याने मारायला काठी उगारली की मागून आपली काठी तिच्यात अडकवून त्याचा फटका फुकट घालवायचा, हेही चालतं. माझ्या माहेरी, बेडगच्या भावकीत हे सगळं होतंच, पण त्याला कुणी गुण देत नव्हतं.

बायासुद्धा खेळतात. ग्रॉनिया नावाची एक आहे, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात हाडं मोडलेल्यांच्या वॉर्डात नर्स. तिचा खांदा लागला आणि साहेब, म्हणजे यांचा डेक्लन साहेब, चिखलात बसला. मग ती त्याला हात देऊन उठवत हसत होती आणि तोही हसत होता. आठवडाभर हाडं जोडायची आणि रविवारी गिऱ्हाईक तयार करायचं.

आणि वेग. वन्सं, चेंडू दिसतच नाही. काठीचा टण्ण आवाज येतो, आणि तुम्ही डावीकडे बघताय तोवर तो उजवीकडे पोचलेला असतो. काठीला काठी भिडली की ढलप्या उडतात. मी खुर्चीत बसले होते ती कधी उभी राहिले मला कळलं नाही. छत्री कधी उलटी धरली तेही नाही. पंच येऊन मला म्हणाला की रेषेच्या मागे राहा. मी त्याला म्हटलं, तुम्ही आधी त्या लाल केसाच्याकडे बघा, तो पाठीत मारतोय. मराठीतच म्हटलं, पण त्याने बघितलं.

यांना पळता येत नाही म्हणून जाळ्यापुढे उभं केलंय. मला वाटलं बरं झालं, नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात ग्रॉनियाने लांबून चेंडू हाणला तो सरळ यांच्यावर. मला वाटलं हे डोळे मिटतील. मिटले नाहीत. काठी पुढे केली, थाप बसली, चेंडू पायाशी पडला. सगळे धावत आले आणि यांच्या पाठीवर थापा मारायला लागले. चोवीस वर्षांत यांचे एवढे दात मी एकदम पाहिले नव्हते.

दम्याचा पंप जाळ्यामागे ठेवला होता, मी त्याच्यावर पहारा करत होते. लागला नाही. धाप लागली, पण धाप मलाही लागली होती आणि मी नुसती ओरडत होते.

भाऊबीजेच्या रविवारी बँकॉकहून असाच एक संघ येणार आहे. बायापुरुष मिळून नऊ-नऊ जणांचा सामना. आपल्या जाळ्यात हे. आपल्या म्हणजे त्यांच्या. लिहिताना झालं.

चार शब्द सुनावायचं माझं म्हणणं तूर्त मागे घेते. राग नसावा, असला तर नीताच्या हाती पाठवू नका, तुमच्याच हाताने लिहा.

तुमची,
सविता

—

मिरज
१० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सविता हिस
संजीवनीचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या खेपेस छातीवर काही बांधत नाहीत इथवर वाचून खाली ठेवले आणि चहा करायला गेले. चहात साखर पडली नाही.

तू पहारेकरी म्हणून गेलीस आणि चोरांत सामील झालीस. ते असो. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, कुणी जोरात ओरडले की तुला आपणही ओरडावेसे वाटते. पण धाप लागली हे वाक्य तू जसे हसत लिहिलेस तसे मला वाचता आले नाही.

हे पत्र पदूला वाचून दाखव.

दर भाऊबीजेला तो फोनच्या पडद्यावर मला विचारतो की ताई, काय हवे. नीता मला मोठ्याने सांगते आणि मी काही नको म्हणते. तरी तो साडी पाठवतो, आणि ती नेहमी राखाडी असते. या वर्षी मला काहीतरी हवे आहे. ती काठी मला ओवाळणीत हवी. त्याखेरीज काही नको.

ओवाळणी मागायची बहिणीला मुभा असते आणि मागितली की भाऊ नाही म्हणत नाही. आपल्या घरी कधी म्हटलेले नाही. आमच्या बाबांनी त्यांच्या बहिणीला दुभती म्हैस दिली होती आणि मग आम्ही वर्षभर बिनदुधाचा चहा प्यालो.

फराळाचे नीता पाठवीत आहे. चकल्या मोडल्या असतील तर तिला कळवू नकोस.

तुझी,
संजीवनी

—

वुडलँड्स
२१ ऑक्टोबर २०२४

ती. वन्सं यांना,
सविताचा सा. न. वि. वि.

चकल्या मोडल्या. म्हणजे मोडून आल्या. तुम्ही नको म्हणालात तरी लिहिलं, कारण आज मला कुणाचं काही ऐकायचं नाही.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे उठले, काठीला तेल लावलं, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि देवाच्या कपाटाखाली ठेवली. मग डेक्लन साहेबाला फोन करून सांगितलं की मी येत नाही. साहेबाने विचारलं, दुखापत झाली का. हे म्हणाले, नाही, बहीण. साहेबाला काही कळेना. तो म्हणाला, बहिणीला काय झालं. हे म्हणाले, काही नाही, तिने काठी मागितली. साहेब म्हणाला, मग मी तिला नवी देतो. आता याला भाऊबीज कोण समजावणार. मी फोन घेतला आणि माझ्या इंग्रजीत सांगितलं.

नऊ माणसं कशीबशी जमली होती, त्यातले हे एक. दुसरं कुणी जाळ्यात उभं राहायला तयार नाही. सगळ्यांना पळायचं असतं आणि सगळ्यांना आपली बोटं प्यारी.

मला राग आला तो याचा नाही. यांनी एक गोष्ट सांगितली त्याचा आला. शाळेत असताना मुलं खेळायला जायची तेव्हा घड्याळं आणि चपला यांच्यापाशी ठेवून जायची. पदू आहे, नेणार नाही कुणी. कॉलेजात तेच. लग्नानंतर कंपनीची सहल गेली तिथेही मी पाहिलंय, सगळे समुद्रात आणि हे पाकिटांचा ढीग मांडीवर घेऊन वाळूत. मी तेव्हा हसले होते. डेक्लन साहेबाने विचारलं, आधी कधी खेळलायस का, तर हे म्हणाले, उभं राहायचा अनुभव आहे.

वन्सं, मी पाचवीत शाळा सोडली, मला गोड बोलून सांगता येत नाही. तुम्ही मागितलंत, यांनी दिलं. पण मला एक सांगा. ओवाळणी ताटात कधी पडते? आधी निरांजन फिरतं, मग पडते. ओवाळायच्या आधी कुठल्या बहिणीने ओवाळणी नेलीय? मी यांना हेच म्हटलं. म्हटलं, अजून ताटात पडली नाही, अजून तुमचीच आहे. तर हे म्हणतात, ताईने मागितली तेव्हाच तिची झाली, आणि तिच्या काठीला मी हात लावणार नाही.

सामना रविवारी दुपारी चारला. तुम्ही दर वर्षी सकाळी अंघोळी आटोपल्या की ओवाळता. मी काही मागत नाही. ओवाळणी मागायचा हक्क बहिणीचा, भावजयीचा नाही, ते मला माहीत आहे. मी नुसतं विचारते की या वर्षी सकाळी तुम्हाला सवड आहे का.

लोभ ठेवा की काढा, पण लवकर कळवा.

तुमची,
सविता

—

मिरज
२५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सविता हिस
संजीवनीचे आशीर्वाद.

घाईत लिहिते. भाऊबीजेला सकाळी मला सवड नाही. रविवारी नळाला पाणी येते आणि मला चादरी धुवायच्या आहेत. नीता म्हणते की आपल्याकडे बोअर आहे आणि पाणी चोवीस तास असते. नीताला घरातले काही कळत नाही.

मी दिवेलागण झाल्यावर ओवाळीन. तोवर वस्तू ज्याची त्याने सांभाळावी. आणि पदूला हेही सांग की कपाटाखाली गुंडाळून ठेवलेली कोरी वस्तू मी ओवाळणीत घेत नाही. वापरातली हवी.

पंप जाळ्यामागे नको, जाळ्याच्या आत ठेव. मागे जाऊन आणीपर्यंत वेळ जातो.

तुझी,
संजीवनी

—

वुडलँड्स
५ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांना,
सविताचा सा. न. वि. वि., आणि दोन नमस्कार जास्तीचे.

रविवारी तुम्ही पडद्यावर आम्हाला पाहिलंत, पण ऐकू काही आलं नसणार. म्हणून पहिल्यापासून सांगते. माझा घसा अजून बसलेला आहे, त्यामुळे लिहायलाच बरं.

तुमची चिठ्ठी वाचल्यावर हे काठी लुगड्यातून सोडवत बसले ते बघायला पाहिजे होतं. लहान मुलाने गाठ सोडवावी तसं. डेक्लन साहेबाला फोन केला, तर तो ओरडला ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं. त्याने विचारलं, बहिणीने परत दिली का. हे म्हणाले, नाही, तिला धुणं आहे. साहेब म्हणाला की तुमच्या देशावर आपण निवांत एकदा बोलू.

मैदानावर दिवाळीचा फराळ मी नेला होता. बँकॉकवाल्यांनाही दिला, ही माझी चूक. अनारसे खाऊन ते जास्तच जोरात पळायला लागले. पंच तोच. मला बघून त्याने रेषेकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, माहीत आहे.

पहिल्या डावात यांच्यावर चार वेळा चेंडू आला. दोन अडवले, एक दांडीवरून गेला, एक जाळ्यात. जाळ्यात गेला तो पंपाला लागला आणि पंप फुटला. तुम्ही आत ठेवायला सांगितलं होतंत, म्हणून हे पहिलं तुम्हाला सांगते. मैत्रेयी पळत जाऊन दुकानातून नवा घेऊन आली. त्याचं झाकणही उघडायला लागलं नाही.

मध्येच विजेचा भोंगा वाजला. इथे ढगात वीज दिसली की मैदानावर भोंगा वाजतो आणि सगळ्यांनी छपराखाली यायचं असतं. सगळे घामेजलेले आत दाटीवाटीने उभे. ग्रॉनियाच्या गुडघ्यातून रक्त वाहत होतं आणि ती चकली खात होती. बँकॉकचा एक धिप्पाड माणूस, ज्याने यांना खांदा मारून खांबावर ढकललं होतं, तो यांच्याशेजारी बसून काठीचं वजन बघत होता. अर्ध्या तासापूर्वी मी त्याला काय काय म्हटलं ते त्याला समजलं नव्हतं म्हणून बरं. तोही अनारसा मागत होता, तेव्हा दिला.

भोंगा थांबला, खेळ परत सुरू. आता खरं सांगते तो शेवट. आपण दोन गुणांनी पुढे. वेळ संपत आलेली. आणि आपल्या लाल केसाच्याने जाळ्यापुढे एकाच्या पाठीत खांदा घातला. मी तुम्हाला तेव्हाच लिहिलं होतं त्याच्याबद्दल. पंचाने शिट्टी मारली आणि शिक्षा काय, तर पेनल्टी. म्हणजे बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं. जाळ्यापुढे एकटा माणूस, समोरून एक जण येऊन चेंडू उडवून हाणणार. आत गेला तर तीन, म्हणजे आपण गेलो.

हाणायला तो अनारसेवाला.

सगळं मैदान गप्प. मी पण. वन्सं, मी गप्प. त्याने काठीने चेंडू उचलला आणि असा हाणला की मला फक्त आवाज आला. मग दुसरा आवाज आला. मला वाटलं खांबाला लागला. तर यांच्या हाताला लागून काठीला लागून बाहेर आला होता आणि अजून समोरच पडला होता, आणि चार जण त्याच्यावर झेपावत होते. आणि हे, तुमचे पदू, ज्यांना मी कधी जिना पळत चढताना पाहिलं नाही, पुढे धावले. चेंडू जमिनीवरून हाताने उचलला नाही, नियम मोडला नाही. काठीने तसाच हाणला, बाजूच्या रेषेपार, गवतात, कुणाच्या तरी सायकलीवर. शिट्टी. संपलं.

त्यानंतर मी रेषेच्या मागे राहिले नाही, पण पंच पण राहिला नाही.

हाताचं बोट सुजून दुधीभोपळा झालं होतं, म्हणून ग्रॉनिया आम्हाला नोव्हेनाला तिच्याच हॉस्पिटलात घेऊन गेली. सुट्टीच्या दिवशी. म्हणून तुम्ही दिवा लावून बसलात तेव्हा आम्ही एक्स-रेच्या बाहेर बाकड्यावर होतो. फोन ग्रॉनियाने धरला होता. तिने विचारलं की बाई आग का फिरवतायत. मी म्हटलं भावाला आयुष्य मागतायत. ती म्हणाली, आज मागायलाच पाहिजे होतं.

तुम्ही अक्षता टाकल्यात त्या नीताच्या फोनवर पडल्या. यांनी काठी मांडीवर आडवी धरली आणि पडद्यापुढे केली आणि म्हणाले, ताई, ही घे. मग म्हणाले, ताई, त्यांनी मला निवडलं होतं. एवढंच. तुम्ही मान हलवलीत आणि तुलाही दिवाळीच्या शुभेच्छा म्हणालात. आम्ही काही सुधारलं नाही.

बोट मोडलंय, सहा आठवडे पट्टी. काठी आजच कुरियरने पाठवली. तिच्यावर ढलपी उडालीय आणि चिखल आहे, वापरातली हवी म्हणाला होतात.

साहेबाने खरंच दुसरी काठी देऊ केली. हे नाही म्हणाले. ताईने मागितलं ते दिलं, आता मागून दुसरी घेतली तर ते दिल्यासारखं होत नाही, असं म्हणाले. मी या वेळी वाद घातला नाही. घशामुळे. रविवारी आता घरात बसतील आणि मी गिऱ्हाइकांना डबे देते त्यांच्या चपात्यांवर लक्ष ठेवतील, ते मला सोसणार नाही. पण द्यायचं ते दिलं.

लोभ राहू द्या, माझ्यापेक्षा यांच्यावर.

तुमची,
सविता

—

मिरज
२८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. सविता हिस
संजीवनीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काठी पोचली. कुरियरवाल्याने मला विचारले की आजी, हे काय आहे. मी म्हटले, ओवाळणी. तो दोन पावले मागे सरकला.

पडद्यावर पदू काय बोलला ते मला ऐकू आले नव्हते, ते तुझ्या पत्राने कळले. पण मी त्याचे बोलणे ऐकतच नव्हते. लहानपणी धाप लागली की त्याचे ओठ जांभळे होत, त्यामुळे त्याच्या ओठांचा रंग पाहण्याची मला सवय आहे. त्या दिवशीही तेच पाहत होते. चिखल होता, हनुवटीवर खरचटले होते, आणि ओठ लाल होते. ओठ हलायचे थांबले म्हणून मी शुभेच्छा दिल्या. दुसरे काही बोलता आले नसते.

आता कामाचे. काठी कोपऱ्यात उभी करून मी दोन दिवस तिच्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी नीताला म्हटले, अंगणात चल. चेंडू नव्हता म्हणून कच्चे पेरू घेतले. नीता टाकत होती. पहिले दोन मला लागले नाहीत, तिसरा लागला. हाताला झिणझिण्या आल्या त्या खांद्यापर्यंत गेल्या, आणि पेरू भिंतीपलीकडे जाऊन शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवर फुटला. ते विचारायला आले. मला ऐकू येत नाही, असे मी सांगितले. संध्याकाळी त्यांची दोन्ही मुले आणि सून अंगणात होती. काल त्यांच्या घरचे आंब्याचे झाड जाळ्याचा एक खांब झाले. एक गुण आणि तीन गुण मी तुझ्या पत्रातून वाचून दाखवते. हाताने उचलायचे नाही, हे सुनेच्या लक्षात राहत नाही.

पदूला हे पत्र वाचून दाखव. मी त्याच्याकडे काठी मागितली होती आणि त्याखेरीज काही नको, असे लिहिले होते. काठी मिळाली. खेळ मी मागितलेला नाही. तो मी कधी मागितला असे त्याच्या मनात असेल तर त्याने पुढच्या वर्षी राखाडी साडी पाठवू नये, मला राग येईल.

बोट बरे झाले की साहेबाकडून नवी काठी घे म्हणावे. मोठ्या बहिणीचे ऐकावे.

आणि इकडे दोन चेंडू पाठवा. पेरू संपले.

लोभ मागत नाही, तो तुम्हा तिघांचा मला मिळतोच आहे.

तुझी,
संजीवनी